धागा: ऑटोमन मखमलीवरची फुलं, थोडं मागाच्या बाजूने

ताणाबाणा:
किनखाबावरच्या चर्चेत एक प्रश्न तसाच राहून गेला होता. तुर्की मखमलीवरची फुलं एवढी मोठी, ठसठशीत आणि सपाट का? इझ्निक या तुर्की गावच्या रंगीत फरशांवर हेच ट्यूलिप बारीक रेघेने, नाजूक देठावर डोलताना दिसतात. कापडावर मात्र वीतभर रुंद कार्नेशन, पंख्यासारखं उघडलेलं. उत्तर बरंचसं मागात दडलंय, म्हणून हा वेगळा धागा.

आधी नावं उरकू. सगळीकडे सारखी लव असलेली मखमल ती कादिफे. लव फक्त नक्षीपुरती उभी, बाकीची जमीन मोकळी आणि त्या जमिनीवर किंवा फुलांत सोन्याचांदीची तार भरलेली, ती चात्मा. केम्हा म्हणजे लव नसलेलं जरीचं भारी रेशीम. सेरासेर म्हणजे जवळपास सगळं अंग तारेनं मढवलेलं. तुर्की कापडांचे बरेच शब्द आपल्याकडच्या जुन्या कापड-याद्यांत भेटतात: अतलस तोच, ताफता तोच, केम्हा आणि किनखाब एकाच घरचे, आणि त्यांचा क्लापतान म्हणजे आपला कलाबतू.

मुख्य ठिकाण आजच्या तुर्कीतलं बुर्सा. १३२६ साली ऑटोमनांच्या ताब्यात आलेलं हे शहर इराणहून, मुख्यतः गिलानकडून येणाऱ्या कच्च्या रेशमाची मोठी बाजारपेठ होतं. तिथली कोझा हान ही सराई १४९१ सालची, आणि कोझा म्हणजे रेशमाचा कोश. १५०२ मध्ये शहराच्या बाजारनियमांची मोठी संहिता निघाली. त्यात रेशमी कापडाची प्रत उतरल्याची तक्रार आहे, म्हणजे ताण्यात तारा कमी घालणं आणि रंग हलका वापरणं. चोरी कुठे होते हे तेव्हाच्या पंचांना नेमकं ठाऊक होतं. चात्मा पुढे इस्तंबूल, उस्कुदार, बिलेजिक इथेही विणली गेली.

आता वीण. चात्म्यात दोन प्रकारचे ताणे असतात. एक जमिनीचा ताणा, ज्यातून बहुतेक वेळा पाच तारी सॅटिन तयार होतं. दुसरा लवेचा ताणा. नक्षीत जिथे लव हवी तिथल्या तारा उचलायच्या, त्यांच्याखाली खाच असलेली पातळ धातूची सळई सरकवायची, मग जमिनीचे साधारण तीन बाणे टाकून ठोकायचं. पुढची सळई. सळईच्या खाचेतून सुरी फिरवली की वेटोळी कापली जातात आणि लव उभी राहते. एक नियम मोडायचा नाही: कापायची ती सगळ्यात आधी घातलेली सळई, नव्या दोन-तीन आतच ठेवायच्या. नुकतीच घातलेली सळई कापली तर ताणलेल्या तारा सुटून परत मागे जातात आणि ती ओळ कायमची टकली राहते.

गोधडी:
सुंदर. एक शंका. लवेचा ताणा एका रुळावर गुंडाळून सोडता येत नाही का? चित्रांत मागाच्या मागे रिळांचा डोंगर दिसतो तो कशासाठी?

ताणाबाणा:
हिशेब केला की कळतं. एका सेंमी.त १० सळया धरा. लव २ मिमी उंच असेल तर एका वेटोळ्यात वर जाणं, खाली येणं आणि बाण्याखालून पुढे सरकणं मिळून साधारण ५ मिमी तार जाते. म्हणजे १ सेंमी कापडाला ५ सेंमी तार. जी तार कार्नेशनच्या मधोमध आहे ती पाचपट वेगाने संपते. शेजारची, मोकळ्या जमिनीतून जाणारी तार मात्र जेमतेम कापडाच्या लांबीइतकीच. दोघींना एका रुळावर बांधलं तर चार बोटं कापड विणून होईपर्यंत एक तुटेल आणि दुसरी लोंबकळेल. म्हणून प्रत्येक तारेला स्वतःची रीळ आणि तिला स्वतःचं छोटं वजन. सेंमी.ला २० तारा आणि ६५ सेंमी पन्हा घेतला तर १,३०० रिळं होतात. साध्या कादिफेला ही भानगड नाही, सगळ्या तारा सारख्याच खातात, तिथे एक रूळ पुरतो.

वजनं सारखी हवीत, हे नवशिके विसरतात. एका रिळाला वजन जास्त झालं की त्या तारेची वेटोळी सळईला घट्ट बसतात, लव आखूड राहते आणि पूर्ण ठाणात एक उभी फिकी रेघ दिसते. रंग चुकला असं वाटतं, पण दोष ताणाचा असतो.

चौकट:
मूळ प्रश्नाकडे येतो, फुलं मोठी का.

पहिलं कारण रंग. मखमलीत प्रत्येक जादा रंगाला लवेचा जादा ताणा लागतो, आणि तो नक्षीत नसेल तेव्हाही जमिनीत दडून बसतो, कापड जाड करतो, रेशीम खातो. म्हणून चात्मा बहुतेक एक-दोन रंगांच्या लवेवर भागवते: किरमिजी, फार तर जोडीला हिरवा. सफावी इराणी विणकरांनी मधेच लवेच्या तारा तोडून दुसऱ्या रंगाच्या जोडायची युक्ती वापरून बहुरंगी माणसं, घोडे विणले. बुर्सानं त्या वाटेला न जाता आकारावर जोर दिला. रंग दोनच असतील तर आकार दुरूनही ओळखू यायला हवा.

दुसरं कारण दोऱ्या. ड्रॉलूमवर, म्हणजे दोऱ्या ओढून नक्षी उचलायच्या मागावर, नक्षीतली प्रत्येक स्वतंत्र तार म्हणजे वर बसलेल्या पोऱ्याच्या हातातली एक दोरी. ६५ सेंमी पन्ह्यात नक्षी दोनदा येत असेल तर एका आवर्तनात ३२ सेंमीवर काही, म्हणजे ६५० तारा. नक्षी मधल्या रेषेवर आरशासारखी दुमडली की ३२५ दोऱ्यांत काम भागतं. चात्म्यातली बहुतेक कार्नेशनं डावी-उजवी तंतोतंत सारखी असतात ती याच्यामुळे. फरशीवर कुंचला फिरवणाऱ्याला असलं बंधन नाही, तिथे देठ हवा तिकडे वाकतो.

तिसरं, कडा. सुटी एकच तार किंवा एकच सळई एवढा ठिपका टिकत नाही. आजूबाजूला आधार नसला की लवेचा झुपका सैल होतो आणि घासून निघून जातो. कमीत कमी तीन तारा रुंद आणि दोन सळया उंच धरायचं. म्हणून कार्नेशनच्या पाकळीची करवती कड एवढी जाड दातांची. नाजूकपणा हवा तर तो लवेत न आणता लवेच्या पोटात सोडलेल्या मोकळ्या जागेत आणायचा: पाकळीच्या आत छोटा ट्यूलिप किंवा हायसिंथचा तुरा तारेच्या कामात. नीट पाहिलं तर १७ व्या शतकातल्या मोठ्या कार्नेशनांमध्ये हीच खेळी दिसते, फुलाच्या आत फूल.

सुंबुल:
चौकट, तांत्रिक बाजू मान्य. पण सगळं मागावर ढकलू नका, नक्काशखान्यालाही, म्हणजे दरबारी चित्रकारांच्या कारखान्यालाही, थोडं श्रेय द्या. १५२० च्या दशकात दरबारात असलेल्या तब्रीझच्या शाहकुलूने लांब, दातेरी, वळसे घेणारी पानं आणि हताई (चिनी वळणाची) कमळं यांची साझ शैली रुजवली. त्याचा शिष्य कारा मेमी याने बागेतली ओळखू येणारी फुलं आणली: ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब. सुलतान सुलेमानच्या कवितांच्या १५६६ च्या हस्तलिखितावरची त्याची सजावट प्रसिद्ध आहे. हे आराखडे कागदावर, फरशीवर, कापडावर असे फिरत राहिले. आवडीनिवडी दरबारात ठरल्या, मागानं फक्त भाषांतर केलं.

ट्यूलिपच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. सुईसारख्या टोकांची, बदामाच्या बारीक कापासारखी पाकळी ही १७१८ ते १७३० च्या लाले (म्हणजे ट्यूलिप) काळातली हौस. १६ व्या शतकातल्या मखमलीवरचा ट्यूलिप त्या मानाने पोटाशी फुगीर असतो, तीन पाकळ्या समोर, बाहेरच्या दोन टोकाशी किंचित बाहेर वळलेल्या. नव्या नकलांमध्ये दोन्ही काळांचे ट्यूलिप एकाच पट्ट्यात बसवलेले सर्रास दिसतात.

गोधडी:
ट्यूलिप म्हणजे अल्लाह, म्हणून तो कापडावर आला, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. खरं?

सुंबुल:
अक्षरांचा खेळ खरा आहे. अरबी लिपीत लाले, अल्लाह आणि हिलाल (चंद्रकोर) यांत तीच अक्षरं येतात, आणि अबजद, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या, मोजणीत तिन्हींची बेरीज ६६ होते. कवींना हे ठाऊक होतं. पण तेवढ्यावरून प्रत्येक उशीवरचा ट्यूलिप धार्मिक ठरवणं म्हणजे ओढाताण. याच बुर्सा-इस्तंबूलच्या कापडांचे रशियन ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंचे झगे शिवले गेले, मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या शस्त्रागार संग्रहालयात ते पाहायला मिळतात. तीच मखमल घोड्याच्या खोगिरावरही गेली. घेणाऱ्याला हवं होतं भारी कापड.

मग कार्नेशनचं काय, असं विचारलं तर तुर्कीत करानफिल म्हणजे कार्नेशनही आणि लवंगही. वास जुळतो म्हणून एवढंच.

रंगारी:
रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी.

त्या खोल किरमिजीचा आपल्याशी थेट संबंध आहे. १५ व्या आणि १६ व्या शतकातल्या ऑटोमन मखमलींच्या रंगपरीक्षणात लाख सापडते, आणि ती लाख हिंदुस्थानातून जात असे. १६ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेक्सिकोचा कोचिनियल आला आणि त्यानं लाखेला मागे सारलं. दोन्ही किडेच. आपला 'किरमिजी' आणि तुर्कीतला लालसाठीचा 'किर्मिझी' हे दोन्ही शब्दही एका किड्यावरूनच आले आहेत. पिवळा वेल्ड नावाच्या रोपाचा, निळा निळीचा, हिरवा म्हणजे वेल्डवर नीळ. काळ्या-तपकिरी छटांत मायफळ आणि लोह वापरलं की रेशीम काळानं ठिसूळ होतं. जुन्या तुकड्यांत नक्षीची काळी बाह्यरेषा झडून नुसती खाच राहिलेली दिसते ती त्यामुळेच.

घरी लाखेचा किरमिजी काढायचा असेल तर: रेशमाचा डिंक साबणाच्या गरम पाण्यात पूर्ण काढा, वजन सुमारे पाव कमी होतं. तुरटी कोरड्या रेशमाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के, कोमट पाण्यात, रात्रभर. उकळायचं नाही, चमक जाते. लाख कुटून, थोडं आंबट केलेल्या मऊ पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा अर्क काढून गाळून घ्या. नीट गाळलं नाही तर राळेचे कण तारेला चिकटतात आणि मागावर फणीत अडकतात. रंगवताना तापमान हळूहळू ८० अंशांपर्यंत, पुढे नको. लोखंडी भांडं किंवा गंजकं पाणी लागलं की किरमिजीचा मळकट जांभळा झालाच. बोअरच्या जड पाण्यातही तसाच धोका.

आणि एक सूचना, नकला करणाऱ्यांसाठी. फोटोत जी 'क्रीम रंगाची फुलं' दिसतात ती मुळात क्रीम नव्हती. चांदीची, किंवा सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली असे. सोन्याखाली पिवळा गाभा, चांदीखाली पांढरा. गुंडाळी थोडी विरळ, म्हणजे खालचा रंग चमकेला मदत करतो. घासून तार गेली की उरतो तो गाभा. म्हणजे क्रीम धाग्याची नक्कल करणारे कापडाचं म्हातारपण विणतायत.

ताणाबाणा:
शेवटचं वाक्य लाख मोलाचं. (शब्दशः.)

पारखी:
इटालियन आणि ऑटोमन मखमल ओळखायची कशी हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. हा गोंधळ जुना आहे. व्हेनिसचे विणकर तुर्की गिऱ्हाइकांसाठी विणत होते, सुलतानांच्या कफ्तानांना इटालियन मखमल लागत होती, आणि नक्षी दोन्ही बाजूंनी उचलली जात होती. त्यामुळे फक्त फूल बघून निकाल देऊ नका.

उलटी बाजू पाहा. ऑटोमन चात्म्यात जमिनीचा बाणा पुष्कळदा सुती असतो, विशेषतः उशांच्या कापडात. हात लावला तर कापड थोडं कडक, पोट असलेलं. दुसरं, इटालियन भारी मखमलीत दोन उंचीची लव असते, एक उंच आणि एक बुटकी, किंवा सोन्याच्या तारेची उभी वेटोळी लवेत चमकत असतात. ऑटोमन मखमलीत लव एकाच उंचीची, आणि तार सपाट बसवलेली, टविलच्या (तिरप्या रेघांच्या विणीच्या) बारीक बांधणीनं. तिसरं, मांडणी. आंब्याच्या कोयीसारख्या टोकदार चौकटींची जाळी दोघांकडे आहे, पण मोठा डाळिंब-अननस छाप आणि मुकुट दिसला की आधी इटलीचा विचार करा. तीन गोळे आणि वाघाचे पट्टे, म्हणजे चिंतामणी, दिसला तर तुर्कीकडे झुका.

बाजारात 'ऑटोमन इकत मखमल' म्हणून जे उशांचे अभ्रे विकतात ते ऑटोमन नव्हेत. ताण्यावर आधी रंग बांधून मग विणलेली मखमल ही बुखाऱ्याकडची, १९ व्या शतकातली परंपरा. चांगली असते, पण वेगळी.

गोधडी:
मला १२० × ६५ सेंमीची यास्तिक, म्हणजे ती लांबट उशी, करायची आहे. स्वतः विणणार नाही, जॅकार्डवाल्याला (यांत्रिक नक्षीच्या मागवाल्याला) नक्षी काढून द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

चौकट:
माप बरोबर आहे, जुन्या यास्तिक साधारण तेवढ्याच. मागाचा पन्हाच उशीची रुंदी असे, त्यामुळे लांब बाजूला कापावं लागत नसे. दोन्ही टोकांना छोट्या कमानींची एक ओळ असते, बहुतेक वेळा सहा कमानी, प्रत्येकीत एखादा ट्यूलिप किंवा कार्नेशन. ही ओळ विसरली तर यास्तिक न होता नुसतं मखमलीचं कापड होतं.

पहिलं काम म्हणजे जॅकार्डवाल्याकडून दोन आकडे घ्या: सेंमी.ला लवेच्या तारा किती आणि लवेच्या ओळी किती. समजा २० आणि १०. म्हणजे कागदावरचा एक चौकोन कापडावर अर्धा मिमी रुंद आणि १ मिमी उंच. साध्या आलेख कागदावर, सारख्या चौकोनांत, कार्नेशन काढलं तर कापडावर ते दुप्पट उंच होऊन सुरईसारखं येईल. म्हणून कागदाचा चौकोनही रुंदीच्या दुप्पट उंच घ्या. तपासायला सोपी युक्ती: कोपऱ्यात एक वर्तुळ काढून नमुन्यात विणून घ्या. गोल आलं तर प्रमाण बरोबर. चपटं आलं तर ठोक जास्त बसतोय: १० च्या जागी १२ ओळी पडल्या तर ५० सेंमीची नक्षी ४२ सेंमी.ला खाली येते आणि टोकाची कमानींची ओळ जागेवर पडत नाही.

मग निम्मंच फूल काढा, मधल्या रेषेच्या एका बाजूचं. आरसा लावताना मधली तार दोनदा मोजू नका, नाहीतर देठाच्या मधोमध जाड रेघ येते. पाकळ्या विषम घ्या, मधली एक आणि दोन्हीकडे तीन-तीन, म्हणजे पंखा सरळ उभा राहतो. कडेचे दात बाहेरच्या पाकळ्यांत लहान करत न्या. सगळे सारखे ठेवले की फूल करवतीच्या पात्यासारखं दिसतं. ओळी विटांसारख्या, एकीच्या फटीत दुसरीचं फूल. जमिनीची मोकळी जागा फुलाइतकीच जिवंत ठेवा. भीतीनं तिथे पानं भरू नका.

सुईदोरा:
शिवताना: सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापा. हात फिरवून जिकडे लव गुळगुळीत बसते ती दिशा मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा. एक तुकडा उलटा गेला तर तोच रंग एक सूर फिका दिसतो, आणि उसवण्याशिवाय इलाज नाही. मखमलीवर मखमल ठेवली की शिवताना वरचा थर सरकतो, म्हणून शिवणीच्या दोन्ही बाजूंना धावदोरा घालून मग मशीन. टाका ३ मिमी.च्या आसपास. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये. इस्त्री सुलट्या बाजूने कधीच नाही: उलट बाजूने, खाली मखमलीचाच दुसरा तुकडा किंवा जाड टर्किश टॉवेल, आणि दाबायचं नाही, वाफ द्यायची. चुरगळलेली लव बहुतेक वाफेनं उठते, इस्त्रीच्या टोकानं दाबलेली उठत नाही.

मागची बाजू मखमलीची करू नका, साधं रेशीम किंवा सुती कापड लावा. घसरत नाही आणि पैसे वाचतात.

पारखी:
जुना तुकडा हाती असेल त्यांच्यासाठी. घडी नको, घडीवर लव मोडते आणि तार तडकते. १० सेंमी किंवा जाड नळीवर, आम्लमुक्त कागद गुंडाळून, लव बाहेर ठेवून सैल गुंडाळा. प्रदर्शनात ५० लक्सच्या वर प्रकाश नको. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवलेली मखमल बुरशी धरते, मलमलीत ठेवा. तार काळी पडली म्हणून लिंबू, चिंच, भांड्याची पावडर यांतलं काहीही नको: आम्ल गाभ्यातल्या रेशमात उतरतं, आणि खरवडण्यात उरलासुरला मुलामाही जातो. काळं तसंच ठेवायचं.

गोधडी:
जॅकार्डवाल्याचे आकडे आले: २४ तारा, ११ ओळी. म्हणजे चौकोन रुंदीच्या सव्वादोनपट उंच?

चौकट:
२४ भागिले ११, म्हणजे २.१८. सव्वादोन धरलं तर ५० सेंमी.ला सुमारे दीड सेंमी.ची चूक येते, कमानींच्या ओळीत ती दिसेल. २.१८ च धरा, आणि वर्तुळ विणून आल्याशिवाय पूर्ण नक्षी देऊ नका.